मंगळावरचा न आटणारा बर्फ

ठाकुर्लीत मासळीच्या पाटीत ठेवलेला बर्फ दुपारपर्यंत पाणी होऊन वाहून जातो. मंगळावर तसा एक थेंबही ओघळायचा नाही. तिथल्या हवेचा दाब जेमतेम ६ मिलिबार, आपल्या दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी. अशा विरळ हवेत ऊन लागलं की बर्फ वितळत नाही, कापरासारखा उडून जातो.

जून २००८ मध्ये नासाच्या फिनिक्स यानाने हे प्रत्यक्ष पाहिलं. ६८ अंश उत्तरेला यानाच्या हाताने चर खणला, त्यात सोंगट्यांच्या फाशांएवढे पांढरे खडे दिसले. १५ तारखेला होते, १९ ला त्यांतले काही नाहीसे! मीठ असतं तर जागचं हललं नसतं. गोठलेला कार्बन डायऑक्साइड एक दिवसही तगला नसता. म्हणजे तो पाण्याचाच बर्फ.

मग मंगळावरच्याच लाउथ नावाच्या विवरातला बर्फ कसा टिकतो? तेही ७० अंशांवर, जवळपास त्याच पट्ट्यात. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं देतात. लाउथ हे आयर्लंडमधलं गाव; मंगळाच्या उत्तरेकडच्या मैदानांत आपल्या बुलढाण्याच्या लोणारचं नाव मिळालेलं विवरही आहे. लाउथची रुंदी सुमारे ३५ किलोमीटर, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे. युरोपच्या मार्स एक्सप्रेसने २ फेब्रुवारी २००५ रोजी त्याचा फोटो घेतला, तेव्हा तिथला उन्हाळा सरत आला होता आणि विवराच्या मधोमध पांढराशुभ्र ढीग तसाच होता.

फरक आकाराचा आणि जागेचा. फिनिक्सचे खडे चिमुकले, नुकतेच उघड्यावर आलेले. लाउथमधला ढीग मोठा. तो ऊन परतवून लावतो आणि स्वतःला गार ठेवतो. त्यामुळे त्याची वाफ फार सावकाश होते. ८२ किलोमीटर रुंदीच्या कोरोलेव्ह विवरात तर मध्यभागी १.८ किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. त्याच्यावरून जाणारी हवा थंड होते, जड होऊन खाली बसते आणि बर्फावर पांघरुणासारखी पडून राहते.

विषुववृत्ताकडे सरकलं की उघड्यावरचा बर्फ तगत नाही, पण जमिनीखाली तो असतो. २४ डिसेंबर २०२१ रोजी एक उल्का ३५ अंश उत्तरेला आदळली, सुमारे १५० मीटरचा खड्डा पडला आणि भोवती बर्फाची मोठाली ढेकळं उडाली. मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने तो हादरा नोंदवला होता. मंगळावर उद्या माणूस उतरवायचा तर तो तुलनेने उबदार पट्ट्यातच उतरवावा लागेल, म्हणून या खड्ड्यातला बर्फ शास्त्रज्ञांना लाउथच्या ढिगाइतकाच मोलाचा वाटतो.