पाणी झाकणातून नाही, होलमधून शिरतं: लायटिंग कंट्रोलरसाठी बॉक्स कसा निवडाल?



आपल्या यवतमाळच्या दुर्गोत्सवाचं नाव कोलकात्याच्या खालोखाल घेतलं जातं. देखावे आणि लायटिंग पाहायला बाहेरगावची माणसं येतात. त्यामुळे पिक्सेल एलईडीची कामं घेऊन धंदा सुरू करायचा विचार बरेच जण करतात. चांगला विचार आहे. पण आधी कॅलेंडर पाहा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. विदर्भातून मान्सून परततो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे आपले दोन मोठे सीझन पावसातच येऊ शकतात.

गेट लावलं, पॅटर्न सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी सर आली. कंट्रोलरच्या बोर्डात पाणी गेलं की सगळं गेट अंधारात. नऊ दिवसांच्या कामात एक रात्र अंधार म्हणजे पेमेंट अडकतं आणि पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याकडे जातं. म्हणून आजचा विषय बॉक्स.

आयपी ६५ म्हणजे नेमकं काय?

आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. पाण्याच्या बाजूला ४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे पाइपचा फवारा, ६ म्हणजे जोरदार फवारा आणि ७ म्हणजे एक मीटरपर्यंत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं. ५ च्या टेस्टमध्ये मिनिटाला साडेबारा लिटर पाणी मारतात. मंडपाच्या गेटवर उंच लावलेल्या कंट्रोलरला आयपी ६५ पुरतो. बॉक्स जमिनीवर, पाणी साचणाऱ्या जागी ठेवायचाच नाही, मग ६७ साठी जास्त पैसे कशाला?

पण लक्षात ठेवा, हा आकडा कंपनीतून आलेल्या बंद बॉक्सचा आहे. तुम्ही वायरसाठी ड्रिलने पहिला होल मारला की तो आकडा संपला. पुढचं तुमच्या हातात.

होल कुठे आणि कसा?

- होल नेहमी खालच्या बाजूला. वरून आणि बाजूने शक्यतो नाहीच.
- प्रत्येक वायरला स्वतःचा केबल ग्लँड. एका ग्लँडमध्ये तीन वायरी कोंबल्या की मधल्या फटीतून पाणी येणारच.
- ग्लँड वायरच्या जाडीप्रमाणे घ्या. पीजी ९ साधारण ४ ते ८ मिलिमीटरच्या गोल केबलला बसतो. चपटी वायर त्यात नीट सील होत नाही.
- वायर ग्लँडमध्ये जाण्याआधी खाली लोंबता वळसा द्या. वायरीवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी टपकून जातं.
- सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला आणि सोल्डरिंगला खातं.

प्लास्टिक की लोखंड?

एबीएसचा बॉक्स स्वस्त पडतो, पण साधं एबीएस उन्हात पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. तासणी केलेल्या कडा आणि स्क्रूपाशी तडा गेला की गॅस्केटचा उपयोग नाही. उन्हात राहणाऱ्या कामाला यूव्ही-प्रतिरोधक पॉलिकार्बोनेट बरा. कंट्रोलर वायफायवर चालत असेल तर लोखंडी बॉक्स सिग्नल अडवतो, हेही ध्यानात घ्या.

खरी भानगड: गरमी

नवीन माणूस कंट्रोलर आणि पॉवर सप्लाय एकाच घट्ट बॉक्समध्ये बसवायला जातो. हिशोब करून पाहा. पॉवर सप्लाय ३०० वॅट देतोय आणि त्याची कार्यक्षमता ८५ टक्के आहे, तर सुमारे ५० वॅटची उष्णता आतच राहते. म्हणजे बंद डब्यात जुना पिवळा बल्ब पेटवून ठेवल्यासारखं. ऑक्टोबर हीटमध्ये तो डबा तापणारच, आणि बरेच पॉवर सप्लाय ५० अंशांपुढे पूर्ण लोड देत नाहीत.

उपाय सोपा आहे: दोघांना वेगळं करा. कंट्रोलर थोडीच उष्णता सोडतो, त्याला छोटा सीलबंद बॉक्स द्या. पॉवर सप्लाय रेझिन भरलेला आयपी ६७ वाला घ्या, किंवा ‘रेनप्रूफ’ घेऊन छताखाली लावा. रेनप्रूफ मॉडेलची जाळी खाली राहील असंच, उभं बसवा. आडवं ठेवलं तर पाऊस सरळ आत.

रात्री गार झालं की बॉक्सच्या आतल्या हवेतलंच पाणी बोर्डावर दव होऊन बसतं. त्यासाठी तळाला ब्रीदर व्हेंट लावा. आत हवा जाते, पाण्याचे थेंब जात नाहीत.

काम देण्याआधी दोन टेस्ट

बॉक्समध्ये पेपरचा तुकडा ठेवा, झाकण लावा आणि दहा मिनिटं पाइपने सगळीकडून पाणी मारा. ही टेस्ट बोर्ड न बसवता, करंट न जोडता. पेपर कोरडा निघाला तर पास. मग बाहेर काढून, कोरडं करून पूर्ण पांढऱ्या लाइटवर दोन तास चालवा आणि आतलं तापमान मोजा.

बॉक्सचे पैसे कोणाकडून?

कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाका. समजा बॉक्स, ग्लँड मिळून १,२०० रुपये लागले आणि तीन वर्षांत गणपती, दुर्गा, दिवाळी मिळून नऊ कामं झाली, तर एका कामाला १३३ रुपये पडले. एवढ्यासाठी मंडळवाले नाही म्हणत नाहीत. फक्त गॅस्केट दरवर्षी तपासा.

आणि शेवटचं, पण सगळ्यात मोठं. बोर्ड गेला तर पैसे जातात. २३० व्होल्टच्या बाजूला पाणी गेलं तर लोखंडी गेटला हात लावणाऱ्या लेकराचा जीव जाऊ शकतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, नीट अर्थिंग आणि परवानाधारक वायरमनची तपासणी, या तीन गोष्टींत भाव करू नका. ग्राहक म्हणाला “चालते ना भाऊ”, तरी नाही.