हवेत नायट्रोजन, पिकं उपाशी

हवेचा 78 टक्के भाग नायट्रोजन. पिकं त्यातच उभी असतात, तरी ज्वारी-कपाशीला युरियाची गोणी लागतेच. कारण हवेतला नायट्रोजन दोन-दोन अणूंच्या जोडीने वावरतो, आणि ती जोडी फोडणं पिकाच्या आवाक्यातलं नाही.

या दोन अणूंना धरून ठेवतो तो सहसंयुजी बंध. शाळेत सांगतात, अणूंना आठ इलेक्ट्रॉनांचं अष्टक पूर्ण करायचं असतं, म्हणून ते इलेक्ट्रॉन वाटून घेतात. गिल्बर्ट लुईस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने 1916 मध्ये ही भागीदारी मांडली. हिशेबाला ती आजही चोख आहे. पण अणूंना आठाचं कसलं आलंय वेड? खरी ओढ विजेची. भागीदारीतले ऋणभारित इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांमधल्या जागेत जास्त वावरतात आणि दोन्ही धनभारित केंद्रकांना आपल्याकडे खेचतात. अणू फारच जवळ आले, तर केंद्रकं एकमेकांना रेटतात. ओढ आणि रेटा जिथे सारखे होतात, तिथे जोडी स्थिरावते. हायड्रोजनपुरतं हे गणित हाइटलर आणि लंडन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1927 मध्ये पुंज सिद्धांत लावून सोडवलं.

नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांच्या तीन जोड्या असतात. अंतर 0.11 नॅनोमीटर. अवघ्या 28 ग्रॅम नायट्रोजनचे सगळे बंध तोडायला 945 किलोज्यूल लागतात. तेवढ्यात तीन लिटर पाण्याला उकळी फुटेल.

रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवून यावर तोड काढली आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाउला कारखाना सुरू झाला. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यातला युरियासाठीचा अमोनियाही त्याच वाटेने येतो. चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब तर लागतोच, पण खरी करामत लोखंडाची. त्याचा पृष्ठभाग नायट्रोजनशी स्वतःच बंध जोडतो, त्यामुळे जुना बंध ढिला पडतो आणि सुटे झालेले अणू हायड्रोजनला धरतात.

तूर, मूग, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हेच काम मातीच्या तापमानाला करतात. त्यांच्या विकरातही लोखंड असतं, जोडीला मॉलिब्डेनम. फुकट मात्र काहीच नाही: त्यासाठी लागणारी साखर रोपालाच पुरवावी लागते. गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी निघाली तर काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा, विकराला ऑक्सिजनची बाधा होऊ न देणाऱ्या प्रथिनाचा. हिरवट किंवा करडी निघाली, तर तिथलं काम बंद असतं.