शेणावरची निळी पडणारी अळंबी

पावसाळ्यात शेणावर, गवतात, कुजक्या ओंडक्यावर भूछत्रे उगवतात. त्यांपैकी काही मोडली किंवा दाबली की त्या जागी निळी पडतात. सायलोसायबिन हे मेंदूवर परिणाम करणारे द्रव्य असलेल्या अळंब्या अशा निळ्या पडतात, हे खरे. पण निळी पडली म्हणजे अळंबी ओळखली, असे मानणे जिवावर बेतू शकते. ते का, हे विद्यार्थ्यांना नीट समजावून द्यायला हवे.

आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे कवकाचा केवळ बीजाणू तयार करणारा भाग. त्याचे खरे शरीर म्हणजे शेणात किंवा लाकडात पसरलेले तंतूंचे जाळे. हरितद्रव्य नसल्यामुळे कवक मृत पदार्थ कुजवून अन्न मिळवते. १९०६ साली क्यूबातील नमुन्यावरून वर्णन केलेली सायलोसायबी क्यूबेन्सिस ही जाती उष्ण प्रदेशांत गाई-म्हशींच्या शेणावर वाढते. युरोपातील सायलोसायबी सेमिलॅन्सिएटा ओलसर कुरणात गवताच्या कुजत्या मुळांवर, तर सायलोसायबी सायनेसेन्स लाकडाच्या ढलप्यांवर वाढते.

हे द्रव्य आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ साली एका मेक्सिकन जातीतून वेगळे केले. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून कवक ते बनवते. त्यापासून शरीरात होणाऱ्या सायलोसिनची रचना मेंदूतील सेरोटोनिनशी मिळतीजुळती असते. कवकाला याचा उपयोग काय? ते बनवणाऱ्या जनुकांचा गट दूरच्या नात्याच्या कवकांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे गेला असल्याचे २०१८ साली दिसून आले. शेण आणि कुजके लाकूड येथे कवक खाणारे कीटक पुष्कळ असतात. तेव्हा कीटकांना आवरण्यासाठी हे द्रव्य असावे, असा तर्क आहे. तो अद्याप सिद्ध झालेला नाही.

आता निळ्या रंगाकडे वळू. इजा होताच विकरे सायलोसायबिनमधील फॉस्फेट गट काढतात. उरलेल्या सायलोसिनचे ऑक्सिडीकरण होऊन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि निळा रंग दिसतो. पण टोपीखाली पटलांऐवजी बारीक छिद्रे असणाऱ्या बोलेट गटातील काही अळंब्याही निळ्या पडतात, आणि त्यामागचे द्रव्य पूर्णपणे वेगळे असते. रंग सारखा, रसायन निराळे!

खरा धोका पुढेच आहे. गॅलेरिना मार्जिनाटा ही लहानशी तपकिरी अळंबी लाकडावर सायलोसायबीच्या शेजारीच उगवू शकते. तिच्यातील अमॅटॉक्सिन विष शिजवूनही नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब सुरू होण्यास सहा तास किंवा अधिक लागतात. मग थोडे बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते.

म्हणून रानातली अळंबी चाखून पाहू नये, हे वर्गात स्पष्ट सांगावे. बीजाणूंचा ठसा घेण्याचा प्रयोग बाजारातील धिंगरी अळंबीवर करता येतो. टोपी पटले खाली करून काळ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवावी. सकाळी पांढरट ठसा उमटलेला दिसेल. सायलोसायबीचा ठसा गडद जांभळट-तपकिरी, तर गॅलेरिनाचा गंजासारखा तपकिरी असतो. मात्र एवढ्यावरूनही अळंबी ओळखता येत नाही. एकाच खुणेवर निष्कर्ष काढू नये, हा विज्ञानाचा पाठ येथे अक्षरशः प्राण वाचवणारा आहे.