ध्यान लागलं, म्हणून गोळ्या बंद?

कॉलेजातलं पोर नैराश्याच्या गोळ्या घेतंय असं कळलं, की घरात एखादे काका, हॉस्टेलवर एखादा सिनियर आणि व्हॉट्सॲपवर झाडून सगळे एकच सांगतात: "रोज ध्यान कर आणि त्या गोळ्या बंद कर." यातला पहिला अर्धा सल्ला चांगला आहे. दुसरा घातक आहे.

ध्यानाचा उपयोग होतो. केंब्रिज विद्यापीठातल्या 616 विद्यार्थ्यांवरची चाचणी 2018 मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आली. आठ आठवडे माइंडफुलनेस ध्यान शिकलेल्यांना परीक्षेच्या दिवसांत इतरांपेक्षा कमी मानसिक त्रास झाला. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं, आणि समुपदेशनाची सोय दोन्ही गटांना खुली होती. हे फॉरवर्डमध्ये येत नाही.

मग 2022 चा अमेरिकेतला अभ्यास पुढे केला जातो. चिंताविकाराच्या 276 रुग्णांमध्ये ध्यानवर्ग एस्सिटालोप्राम या नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या गोळीच्या तोडीचा ठरला. खरं आहे. पण तिथे प्रशिक्षित शिक्षक होते, आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता, शिवाय रोज घरी 45 मिनिटं सराव. ॲप लावून दहा मिनिटं डोळे मिटले म्हणजे ते झालं का? आणि चालू असलेली गोळी सोडून ध्यान धरलं तर काय होतं, हे तो अभ्यास तपासतच नव्हता.

गफलत होते ती वेळेमुळे. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात मुलाने ध्यानही सुरू केलेलं असतं. बरं वाटलं की श्रेय ध्यानाला आणि गोळ्या कचऱ्यात! अचानक सोडल्यावर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते. आजार तर कित्येकदा काही महिन्यांनी उलटतो. तोवर सल्ला देणारे काका भलत्याच विषयावर बोलत असतात.

बाकीचे समज किरकोळ. "गोळ्यांचं व्यसन लागतं": नैराश्यावरच्या या गोळ्यांची नशेसारखी तलफ येत नाही, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात, इतकंच. "मन रिकामं झालं नाही तर ध्यान फसलं": मन भरकटणारच, त्याला परत आणणं हाच सराव. "ध्यानाने अपाय होऊच शकत नाही": 2020 च्या एका आढाव्यात सुमारे 8 टक्के लोकांना चिंता, नैराश्य असे त्रास झाल्याचं आढळलं. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या नियमावलीतही गंभीर मनोविकार असलेल्यांना सावध केलेलं आहे. शिबिरवाल्यांना जे कळतं ते शेजाऱ्यांना का कळू नये?

ध्यान खुशाल करा, गोळीसोबत करा. डोस कमी करायचा तो मात्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. आणि रात्री-बेरात्री मन फारच बिघडलं तर 14416 वर फोन लावा. केंद्र सरकारची ही टेलिमानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.