शिक्क्यांची वाट, भाग ७ : बेलग्रेडचं दार, शेंगेनची किल्ली

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये पत्ता विचारला तर रस्त्याचं नाव फारसं कुणी सांगत नाही. अमुक नंबरच्या टँकपाशी उतरा, म्हणतात. नाहीतर ब्लॉकची दोन अक्षरं सांगून मोकळे होतात. ही ब्लॉकची आखणी युगोस्लावियाच्या दोब्रिवोये तोश्कोविच यांची. विधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना, १९६२ मध्ये, युगोस्लाव कंपनीने हुगळीतला गाळ पाइपांतून आणून इथल्या खाऱ्या दलदलीत ओतायला सुरुवात केली. म्हणून आज इथल्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी जोडप्याला युरोपच्या सहलीत त्या युगोस्लावियाची राजधानी, आता सर्बियातलं बेलग्रेडही पाहावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही.

पण सर्बियाला व्हिसा लागत नाही, ही जुनी समजूत आधी काढून टाकायला हवी. सप्टेंबर २०१७ पासून सर्बियात भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय फिरता यायचं. तिथे उतरून बेकायदा पुढे ऑस्ट्रियाकडे सरकणारे वाढले, युरोपीय संघाने डोळे वटारले आणि १ जानेवारी २०२३ पासून सवलत बंद झाली. करणारे करून गेले, पर्यटक अडकला.

गंमत अशी, की सर्बिया शेंगेन गटात नाही, तरी शेंगेनचा चालू व्हिसा तिथे चालतो. ब्रिटनचा किंवा अमेरिकेचाही चालतो. तो हाती असेल तर दिल्लीतल्या सर्बियन वकिलातीकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही.

खरी मेख पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसाच्या एका छोट्या रकान्यात आहे. ‘किती वेळा प्रवेश’ या रकान्यात ०१, ०२ किंवा ‘मल्ट’ असं छापलेलं असतं. समजा, बेत आहे व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड आणि मग झाग्रेब. रकान्यात ०१ असेल, तर हंगेरीची हद्द ओलांडून सर्बियात शिरताच तो एकमेव प्रवेश खर्ची पडला. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणजे झाग्रेबचं दार बंद. हॉटेलचं आगाऊ भाडं बुडतं ते वेगळंच.

म्हणून अर्जातच दोन प्रवेश मागायचे आणि प्रवासाच्या तपशिलात बेलग्रेडच्या रात्री स्पष्ट दाखवायच्या. किंवा बेलग्रेड आधी उरकायचं आणि मग शेंगेनमध्ये शिरायचं. एकाच प्रवेशात निभतं. मात्र व्हिसाची मुदत बेलग्रेडला उतरण्याच्या दिवशी सुरू झालेली हवी. ही तारीख बघायला लोक हमखास विसरतात.

बाकी कागदपत्रं नेहमीचीच. जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथे आधी शिरणार त्या देशाकडे. जून २०२४ पासून प्रौढांना फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि परतीनंतर तीन महिने पुरेल असा पासपोर्ट. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरलेल्या भारतीयांना एप्रिल २०२४ च्या नियमांमुळे दोन वर्षांचा, हवा तितक्या वेळा प्रवेश देणारा व्हिसा मिळू शकतो. अशांना या ०१-०२ च्या हिशेबाची फिकीर नाही.

बेलग्रेडला पोचल्यावर एक काम उरतं. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत पोलिसांकडे व्हावी लागते. नोंदीच्या कागदाला तिथे ‘बेली कार्तोन’, म्हणजे पांढरं कार्ड, म्हणतात. हॉटेलवाले ती नोंद परस्पर करतात. ओळखीच्यांकडे उतरणाऱ्यांनी मात्र सामान टाकताच यजमानाला पोलीस ठाण्याची आठवण करून द्यावी.