व्यवस्थापन-शिक्षणाची प्रवेशपरीक्षा

पदवी पदरात पडल्यावर पुढे काय करावे, हा प्रश्न केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी निघाला म्हणजे सरकारी भरतीचे नाव आधी निघते. एम.बी.ए. हे शहरातील सधनांच्या मुलांचे शिक्षण, असा समज रूढ आहे. वस्तुतः कोणत्याही शाखेच्या पदवीधरास ते दार उघडे आहे. पदवीस निदान 50 टक्के गुण असावे लागतात, व महाराष्ट्रातील मागासवर्गीयांस 45 टक्के पुरतात. अडसर आहे तो प्रवेशपरीक्षेचा, आणि तिचा स्वभाव आपल्या वार्षिक परीक्षांहून इतका निराळा आहे, की हुशार विद्यार्थीही तेथे ठेचाळतात.

आपल्याकडील विद्यार्थ्यास मुख्यतः दोन परीक्षा ठाऊक असाव्यात. एक राज्याच्या सामायिक प्रवेशपरीक्षा कक्षाची सी.ई.टी.; मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली 1965 साली निघालेल्या जमनालाल बजाज संस्थेत प्रवेश मिळतो तो हिच्या गुणांवर. दुसरी कॅट, ही भारतीय व्यवस्थापन संस्थांची. त्यांपैकी पहिल्या दोन संस्था 1961 साली कलकत्ता व अहमदाबाद येथे स्थापन झाल्या. नागपूरची 2015 साली निघाली.

2025 सालच्या सी.ई.टी.त 150 मिनिटांत 200 प्रश्न होते, म्हणजे प्रश्नामागे अवघे 45 सेकंद. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नव्हते. सबब शेवटची घंटा होईपर्यंत एकही प्रश्न कोरा ठेवणे हे निव्वळ नुकसान. कॅटचा कायदा उलटा. 2024 साली तेथे 120 मिनिटांत 68 प्रश्न होते. तीन विभाग, प्रत्येकास 40 मिनिटे, आणि एकदा सोडलेल्या विभागात परत फिरता येत नाही. बरोबर उत्तरास 3 गुण, तर पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास 1 गुण वजा. कोणता प्रश्न सोडून द्यावा हे ज्यास उमगले, त्याने तेथे अर्धी लढाई जिंकली. दोन्ही परीक्षांस एकच रीत लावणारा मात्र दोन्हीकडे फसतो.

निकालाविषयीही मोठा गैरसमज आहे. तेथे छापला जाणारा ‘पर्सेंटाइल’ म्हणजे शेकडा गुण नव्हेत. आपण किती जणांच्या पुढे आहोत, एवढेच तो सांगतो. एक लक्ष विद्यार्थी बसले आणि आपणास 90 पर्सेंटाइल मिळाले, तर सुमारे दहा हजार जण आपल्या पुढे आहेत! घरी पेढे वाटण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा.

गणिताची धास्ती खेड्यातील मुलांनी विशेष बाळगू नये, असे मला वाटते. सावकाराचे ‘शेकडा तीन रुपये’ म्हणजे दरमहा तीन, वर्षाकाठी 36, हे आपल्याकडील शेतकऱ्याच्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. 40,000 रुपयांवर वर्षाचे व्याज 14,400 होते, हे त्याने घरीच सोसलेले असते. जुन्या शाळांतील पावकी, निमकी, सवायकी हे पाढे ज्यांनी टाकून दिले, त्यांनी ते आजोबांकडून पुन्हा शिकावेत. 640 चे साडेसदतीस टक्के काढावयास कागद लागू नये. आठवा भाग 80, त्याची तिप्पट 240, एवढेच ते काम.

खरी अडचण इंग्रजीची. सी.ई.टी.तील आकृत्यांच्या 25 प्रश्नांस भाषा फारशी लागत नाही, गणिताच्या 50 प्रश्नांसही थोडीच. पण तर्काचे 75 व भाषेचे 50 प्रश्न वाचूनच समजावे लागतात. शब्दकोश पाठ केल्याने हे साधत नाही. इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख रोज घ्यावा, प्रथम कोश न उघडता वाचावा, आणि त्याचे सार मराठीत चार ओळींत लिहून काढावे. सार लिहिता आले नाही, तर लेख समजला नाही असे खुशाल समजावे.

शिकवणीवर्गास पैसे भरण्याची घाई करू नये. आधी घड्याळ लावून सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. चुकांची वेगळी वही ठेवून प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: विषय आला नाही, घाई झाली, की इंग्रजी वाक्य समजले नाही? महिन्याभरात कोणता रोग आहे ते ती वहीच सांगते. परीक्षा संगणकावर होते. म्हणून लहानशा फोनवर अभ्यास केलेल्याने केज किंवा अंबाजोगाईस जाऊन तरी काही प्रश्नपत्रिका संगणकावर, सलग बसून सोडवाव्यात.

आणखी एक गोष्ट वेळापत्रकाची. 2024 सालची कॅट 24 नोव्हेंबरला झाली, व त्यापुढची सी.ई.टी. 1 एप्रिलपासून. ज्यांचे आईबाप ऊसतोडीस जातात, त्यांच्या घरी नेमक्या ह्याच महिन्यांत म्हातारी माणसे, धाकटी भावंडे आणि गुरे ह्यांचा भार विद्यार्थ्यावर पडतो. अशा विद्यार्थ्याने दिवाळीनंतर अभ्यासास बसू म्हणू नये. पहिला पाऊस पडताच आरंभ करावा, आणि टोळी कारखान्याकडे निघण्यापूर्वी गणित व तर्क उरकून टाकावा. मागे इंग्रजी वाचन तेवढे राहील, व ते गुरांमागेही करता येते.