आयर्लंडमधील स्थलनामे, प्राचीन खुणा आणि लोकस्मृती

प्रास्ताविक :
आयर्लंडचा ग्रामीण प्रदेश ६०,००० हून अधिक 'टाउनलँड' नामक लहान भूविभागांत विभागलेला असून प्रत्येकास स्वतंत्र नाव आहे. स्थलनामामागील कथा सांगणाऱ्या तेथील परंपरेस 'दिनशनखस' अशी संज्ञा आहे. १२ व्या शतकातील 'बुक ऑफ लेन्स्टर' या हस्तलिखितात अशा कथा समाविष्ट आहेत.

नामांतर आणि अर्थलोप :
१८२४ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश ऑर्डनन्स सर्वेक्षणात आयरिश नावे इंग्रजी वर्णलेखनात बसविण्यात आली. भाषापंडित जॉन ओ'डोनोव्हन यांनी मूळ रूपांची कसोशीने नोंद केली. तथापि नकाशावर इंग्रजी रूपच रूढ झाले. परिणामी 'चर्च' आणि 'वन' या अर्थांचे दोन भिन्न आयरिश शब्द अनेक नावांत 'किल' या एकाच रूपात मिसळले. लाऊथ परगण्यातील 'आर्डी' या नावात 'फर्डियाचा उतार' हा अर्थ दडलेला आहे. नदीच्या या उतारावर वीर कूखुलिनने आपला बालमित्र फर्डिया यास द्वंद्वात ठार केले, अशी आख्यायिका आहे. संक्षिप्त इंग्रजी रूपात ती कथा लुप्त होते.

श्रद्धा आणि संरक्षण :
नवाश्मयुगीन शिलासमाधींना लोकपरंपरेने 'डिअरमुड आणि ग्रॉन्या यांची शय्या' मानले. पळून गेलेले हे प्रेमी रात्री तेथे विसावत, असे सांगितले जाते. मातीच्या वर्तुळाकार गढ्या वस्तुतः बहुतांशी मध्ययुगाच्या पूर्वार्धातील शेतकऱ्यांची निवासस्थाने होत. परंतु त्यांत अद्भुत योनीतील 'शी' लोक राहतात, या समजुतीमुळे त्यांवर नांगर फिरविणे अशुभ मानले गेले. इतिहास म्हणून असत्य ठरणाऱ्या या श्रद्धेने पुरातत्त्वीय अवशेष मात्र राखले. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात रस्त्याच्या कामात येणारे एकाकी हॉथॉर्नचे झुडूप कथाकार एडी लेनिहन यांच्या आग्रहानंतर वाचविण्यात आले.

संकलन :
१९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांकरवी वडीलधाऱ्यांच्या तोंडून स्थानिक कथा लिहवून घेतल्या. हा संग्रह आता संगणकीय स्वरूपातही उपलब्ध आहे.

निष्कर्ष :
लोककथेतून घटनेचा पुरावा मिळेलच असे नाही; परंतु समाजाने आपल्या भूमीशी जोडलेल्या नात्याचा पुरावा तीतून निश्चितच मिळतो. नावाचा मूळ उच्चार व त्याची कथा यांची नोंद एकत्रितपणे झाली, तरच हा पुरावा अभ्यासकाच्या उपयोगी पडतो.